पागोळीची रेघ

जुन्या कौलारू घराची पारख करायची असेल तर आधी छपराकडे पाहू नये, जमिनीकडे पाहावे. ऐन आषाढात वसईतल्या भुईगाव, गास, निर्मळ, आगाशी या बाजूला एखाद्या घरासमोर उभे राहिले की अंगणात घराला समांतर जाणारी बारीक खळग्यांची एक ओळ दिसते. कौलांच्या प्रत्येक पन्हळीखाली एक खळगा. वर्षानुवर्षे पागोळ्या पडून उमटलेली ती रेघ. ती घराच्या जोत्यापासून किती लांब आहे ते पाहावे. रेघ जोत्याला चिकटलेली असेल तर ते घर कितीही देखणे असो, त्याच्या भिंती दुखणाईत असणार. रेघ दोन-अडीच हात लांब असेल तर समजावे की बांधणाऱ्याला वसईचा पाऊस कळला होता. या पट्टीतल्या घरांचे सौंदर्य आणि शहाणपण दोन्ही त्या अंतरात साठलेले आहे, असे मला मनापासून वाटते.

इथला पाऊस सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून जास्त, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पण खरी अडचण आकड्याची नाही, दिशेची आहे. हा पाऊस सरळ वरून क्वचितच पडतो. अर्नाळा ते वसई हा सगळा किनारा पश्चिमेला उघडा. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट येतो आणि पावसाला आडवा करून भिंतीवर आणून आपटतो. ही झड. छप्पर गळत नसतानाही घर ओले होते ते तिच्यामुळे. तिच्यासोबत मीठही येते. खारा वारा आहेच, शिवाय पूर्वेला खाडी आणि मिठागरे. भिंतीत शिरलेले हे मीठ पाऊस सरला की सुकताना स्फटिक होऊन फुगते आणि गिलाव्याचा वरचा थर भुगा करून खाली पाडते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला.

अशा पावसासमोर घराने कसे उभे राहावे, याचे उत्तर कौलारू घर वरून खाली सावकाश देत जाते.

सुरुवात उतारापासून. पूर्वी नळीची कौले होती. ती नुसती एकावर एक ठेवलेली, त्यामुळे वाऱ्याने, माकडांनी हलायची आणि दरवर्षी मृगाच्या आधी माणूस वर चढवून ती परतावी लागायची. मग मंगलोरी कौल आले. बासेल मिशनने मंगळुरात 1865 साली त्याचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ते इतके रुळले की कोकणातले घर म्हटले की तेच डोळ्यांपुढे येते. हे कौल हातात घेऊन उलटसुलट करून पाहावे. पाठीमागचे दात रिपेवर अडकतात, दोन्ही कडांच्या खोबणी शेजारच्या कौलात बसतात, वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, आणि अंगावरच्या पन्हळी पाण्याला वळू न देता सरळ खाली नेतात. कोठे चुना नाही, डांबर नाही, चिकटवण नाही. सांधे उघडेच आहेत; त्यातून वारा येतो, वाफ बाहेर जाते. तरी पाणी आत येत नाही, कारण पाण्याने वर चढायचे ठरवले तरच ते आत येईल. पाणी अडवण्यापेक्षा त्याला रमू न देणे, हा या कौलाचा सगळा विचार आहे.

आणि मग ते छप्पर भिंतीपाशी थांबत नाही. वासे भिंत ओलांडून पुढे येतात, पडवीवर उतरतात, कधी कधी इतके खाली की आत शिरताना मान वाकवावी लागते. लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर इरले असते ना, तसे हे छप्पर घराच्या पाठीवर आहे: पाऊस ज्या अंगाने झोडपतो त्या अंगाला अधिक लांब, अधिक खाली. वळचण खोल असली की झडीचा मारा भिंतीच्या वरच्या भागापर्यंत पोचतच नाही. खाली जे शिंतोडे उडतात ते हात-दीड हात. आणि तेवढ्या उंचीवर भिंत सुरूच झालेली नसते. तिथे घडीव काळ्या दगडाचे जोते असते. छपराची लांबी आणि जोत्याची उंची ही दोन मापे एकमेकांना विचारून ठरवलेली आहेत. असा मेळ मला फार मोठ्या वास्तूंतही क्वचित सापडतो.

त्याच जोत्यावर पडवीतल्या लाकडी खांबाखाली बघा. खांब जमिनीत रोवलेला नाही, तळखड्यावर उभा आहे. लाकूड कुजते ते बहुधा बुडापासून, कारण आडव्या कापलेल्या बुडातून ओल वर शोषली जाते. दगडाचा तो टप्पा आला की ओल तिथेच थांबते. पुष्कळ तळखड्यांवर कमळाच्या पाकळ्या किंवा साधी गोलाई कोरलेली असते. ज्या जागी घर पाण्याशी सर्वांत जवळून झुंजते नेमकी ती जागा शोभेसाठी निवडलेली, हे पाहून मन प्रसन्न होते.

ओटीच्या उघड्या बाजूला पावसाळ्यापुरती झाप बांधायची रीत होती. क्वचित अजून दिसते. नारळाच्या झावळीची पाती विणून केलेला हा पडदा. त्याची सगळी पाती खाली झुकवून बांधलेली असतात, म्हणून पाणी एका पात्यावरून दुसऱ्यावर उतरत जमिनीवर जाते. मधल्या फटींतून वारा निघून जातो, त्यामुळे झाप फाटत नाही की खांबाला ओढत नाही. पाऊस संपला की ती काढतात आणि पुढे तिचे सरपण होते. आज तिच्या जागी निळी ताडपत्री आली. ताडपत्री पाणी अडवते हे खरे. पण ती वाऱ्याने शिडासारखी फुगते, आणि तिच्या आडची भिंत चार महिने घुसमटून काळी पडते. स्वस्त आणि हाताशी असलेली वस्तू म्हणून ती वापरणाऱ्याला कोण दोष देईल? मात्र झाप जाताना एक समज सोबत घेऊन गेली: घराचे कवच वारा खेळू देणारे असावे.

तीच समज भिंतीच्या चुन्यात आहे, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. चुन्याचा गिलावा पाण्याला पूर्ण बंद नसतो. झडीत तो थोडे पाणी पितो आणि उघडीप मिळताच ते हवेत सोडून देतो. दिवाळीला चुना काढायची चाल होती तिच्यामागेही हे गणित बसते: तोवर भिंत बरीचशी सुकलेली असते, आणि उरलीसुरली ओल चुन्याच्या पातळ हातातून बाहेर पडू शकते. आजचा दाट प्लास्टिकसारखा रंग त्याच ओल्या भिंतीवर दिला तर ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे फोड उठतात. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. त्याचा पुन्हा हळूहळू दगड होतो, आणि बारीक चिरांत पावसाचे पाणी उतरले तर चुना विरघळून, पुन्हा साकळून त्या चिरा काही अंशी स्वतःच बुजवतो. आता गंमत पाहा. नेमका हाच वायू सळईच्या काँक्रीटला मारक ठरतो. सिमेंटचा अल्कधर्मी गुण सळईभोवती एक संरक्षक थर राखून असतो. कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की तो गुण उतरतो, थर जातो, ओल आणि मीठ सळईपर्यंत पोचले की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. तो ती काँक्रीट फोडून मिळवतो. ज्या हवेने जुनी भिंत म्हातारपणी घट्ट होते, त्याच हवेने नव्या इमारतीचा छज्जा तिसाव्या वर्षी सळया दाखवू लागतो.

वसईच्या किल्ल्यात हा धडा उघड्यावर मांडलेला आहे. 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या आणि चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या या किल्ल्यातल्या बहुतेक चर्च आणि मठांवर आज छप्पर नाही. काळ्या दगडाच्या, चुन्यात बसवलेल्या उंच भिंती दोनशेहून जास्त पावसाळे डोक्यावर घेऊन उभ्या आहेत. गिलावा मात्र शोधावा लागतो. तो सापडतो कमानीच्या आतल्या अंगाला, कोनाड्यात, जिथे झड पोचत नाही अशा सांदीत. उघड्या अंगाला नुसता दगड. छपराने नेमके काय राखले होते, ते या उरलेल्या तुकड्यांच्या जागा नीट पाहिल्या की कळते. भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरले, तिथे पक्ष्यांनी बी टाकले, पिंपळ रुजला. भिंत फुटली ती त्या मुळांनी.

इथलाच दगड गोव्याला गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या दर्शनी भागातले खांब आणि नक्षीकाम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात आहे. 1594 मध्ये सुरू होऊन 1605 मध्ये पूर्ण झालेल्या त्या चर्चच्या बाकीच्या भिंती जांभ्याच्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. 1950 च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो गिलावा काढून जांभा उघडा ठेवला गेला, जुनेपणा उठून दिसावा म्हणून. जांभा सच्छिद्र दगड. तेव्हापासून पाऊस त्याला झिजवतो आहे आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर आज वाद आहे. लाखो लोक त्या तांबड्या भिंतीचे कौतुक करतात. मला ती पाहताना वाईट वाटते. ती नागवी केलेली भिंत आहे. गिलावा हा तिचा दागिना नव्हता, तो तिचे छप्पर होता.

आता विरार आणि नालासोपाऱ्याकडे वळू, कारण आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतली बहुतेक माणसे कौलाखाली राहत नाहीत. चार मजली इमारतीला वळचण नसते. तिच्याजवळ असतो खिडकीवरचा छज्जा, आणि त्याच्या खालच्या कडेला, जाणता गवंडी असेल तर, एक बोटभर रुंद लांबट खाच. जाणारे-येणारे ती कधी पाहत नाहीत. पाण्याला छज्ज्याच्या खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे सरकत जायची सवय असते. खाच आली की त्याचा आधार तुटतो, थेंब जड होतो आणि खाली पडतो. ही खाच म्हणजे पागोळीची रेघच, फक्त जमिनीवर न उमटता हवेत धरून ठेवलेली. इतक्या थोडक्या खर्चात इतके मोठे काम करणारी दुसरी गोष्ट मला आधुनिक इमारतीत माहीत नाही. आणि दुरुस्तीच्या वेळी सर्वांत आधी तीच बुजते. नवा गिलावा, नवी पुट्टी, नवा रंग. कड गुळगुळीत झाली म्हणून सगळे खूश, आणि पुढच्या श्रावणात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग.

गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा हाही मानाने पाहण्याजोगा प्रकार. विटांचे तुकडे तिरपे उभे रचून, मसाल्यात बसवून, पावसाळी नळाकडे उतार काढत आणलेला तो थर. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात पाणी अडू नये म्हणून दिलेली गोलाई, जिला कामगार वाटा म्हणतात. आणि शेवटी गच्चीत पाणी कोंडून, खालच्या छताला ओल येते का याची परीक्षा. चांगला कोबा करणारा माणूस पातळीपट्टीपेक्षा बादलीभर पाण्यावर विश्वास ठेवतो. ते कुठे धावते, कुठे घुटमळते, हे पाहून तो हात फिरवतो.

तरीही पंधरा-वीस वर्षांत गच्ची गळतेच, आणि मग तिच्यावर पत्र्याची शेड येते. लोकलमधून नालासोपारा ओलांडताना या निळ्या, हिरव्या पत्र्यांची रांग दिसते. शहराने सपाट छप्पर घेतले आणि पावसाने त्याला पुन्हा उतारावर आणले, असे ती रांग सांगते. पण ही परत येण्याची गोष्ट अर्धवट आहे. पत्रे कठड्यापाशीच तोडलेले असतात. उतार आला, वळचण आली नाही. वरचा मजला कोरडा होतो आणि पत्र्यावरून घरंगळलेले पाणी थेट पश्चिमेच्या भिंतीवरून खाली ओघळते. पन्हाळ लावून ते नळाने उतरवले तर निभावते. पुष्कळ ठिकाणी पन्हाळच नसते.

पागोळीनंतरचाही एक प्रवास होता. अंगणातले पाणी वाडीत, वाडीतून बावखलात, म्हणजे गावातल्या लहान तळ्यात. वसईच्या गावोगावची ही बावखले पावसाचे पाणी जिरवत, विहिरी गोड ठेवत, आणि घरांची जोती पाण्यात उभी राहू देत नसत. पुष्कळ बावखले भराव टाकून बुजवली गेली आहेत. जोत्याची उंची ज्या हिशेबाने ठरली होती तो हिशेबच त्यामुळे मोडला. रस्ता दरवर्षी वर येतो, जुने घर आहे तिथेच राहते, आणि जे पाणी पूर्वी घरापासून दूर पळत होते ते आता उंबऱ्याशी येऊन थांबते. ओली भिंत रंगवून हे सुटणार नाही.

ज्यांच्याकडे अजून कौलारू घर आहे त्यांना एवढेच सांगणे: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका आणि कौले उतरवलीत तरी वळचण आखडती घेऊ नका. ज्यांच्या सोसायटीत यंदा परांची बांधली जाणार आहे त्यांनी रंगाच्या छटेवर सभा घेण्याआधी ठेकेदाराला छज्ज्याखालची खाच दाखवायला सांगावी, आणि ती कामानंतरही उघडी राहील हे करारात लिहून घ्यावे. तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी तर कायद्यानेच बंधनकारक आहे. ती पहिल्या सरीची वाट न पाहता मेच्या आत करून घ्या.