डबी आणि पुडी

जपानी चेहऱ्याच्या पावडरीचा इतिहास बहुधा तिच्या वेष्टनांवरून लिहिला जातो. ती देखणी आहेत, संग्रहांत जपलेली आहेत. याच पद्धतीने खान्देशातल्या रंगभूषेचा इतिहास लिहायला बसले, तर हाती काहीच लागत नाही. उणीव खान्देशाची नाही, पद्धतीची आहे.

एदो काळातली ‘सेन्जोको’ पावडर कागदी पुडीतच मिळे. पण त्या पुडीला नाव होते, तेही स्त्रीभूमिका करणाऱ्या सेगावा किकुनोजो (तिसरा) या काबुकी नटाच्या काव्यनामावरून घेतलेले. केइसाई एइसेनच्या स्त्रीचित्रांतून तिची जाहिरात होई. जपानी पावडरींत तेव्हा शिशाचा सफेदा सर्रास असे. 1887 मध्ये सम्राट मेइजींसमोरच्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला आणि शिशाच्या बाधेची चर्चा सुरू झाली. 1904 मध्ये ‘मिसोनो’ ही बिनशिशाची पावडर आली. रूपाइतकाच निर्धोकपणाही आता विक्रीचा मुद्दा झाला. तरी शिशावर बंदी यायला 1930चे दशक उजाडले; तोवर सुबक डब्यांतूनही विष विकले जात होते.

आता सारंगखेड्याच्या यात्रेत राहुट्या ठोकणारे तमाशाचे फड पाहू. जुन्या लोकरंगभूमीची रंगपेटी म्हणजे मुर्दाडशिंग, पिवडी, हिंगूळ, काजळ. मुर्दाडशिंग हे शिशाचेच संयुग, हिंगूळ पाऱ्याचे. हा माल सुटा, रद्दीच्या पुडीत बांधून मिळे. त्यावर ना नाव, ना कर्ता, ना सूचना. पुडी फाडली की पुरावा संपला. चेहऱ्यावर रोज चढणारा थर तेवढा उरला.

मुंबईत 1919 मध्ये ई. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ आणला. त्याची बाटली जर्मनीची आणि लेबल जपानचे, म्हणून स्वदेशीच्या बहिष्कारात तो सापडला. बाटली-लेबलाच्या जन्मस्थानावर इतका खल झाला. मुर्दाडशिंगाच्या पुडीबद्दल तसा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ती वापरणारी बाई फडात नाचणारी होती. 1962च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने औषध कायद्याच्या कक्षेत आली. परंतु लेबल वाचायला आधी लेबल असावे लागते.

म्हणून वेष्टनाच्या इतिहासाने केवळ सुंदर काय ते सांगून थांबू नये. कोणाच्या त्वचेला इशारा मिळाला आणि कोणाच्या नाही, हेही त्याने सांगितले पाहिजे. त्यासाठी वृद्ध कलावंतांच्या आठवणी, फडांचे हिशेब आणि दुकानांच्या खतावण्या चाळाव्या लागतील. ज्या धुळ्यात राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या कागदांसाठी 1927 मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले, तिथे हे काम परके वाटू नये.