‘कोणीही यावे!’ : एका मुष्टियोद्ध्याचा दौरा आणि त्याचे चरित्रकार

या देशात येऊन आपल्याला वीस-पंचवीस वर्षे झाली, तरी इथल्या खेळांच्या इतिहासाशी आपला परिचय बेताचाच असतो. मुलांमुळे बेसबॉलचे नियम कळतात, ऑफिसातल्या गप्पांमुळे फुटबॉलचे. मुष्टियुद्ध म्हटले की महंमद अलीचे नाव आठवते आणि आपली गाडी तिथेच थांबते. त्यामुळे जॉन एल. सलिव्हन हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले नसेल, तर त्यात नवल नाही. पण अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय क्रीडानायक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हाच, आणि तो आयर्लंडहून आलेल्या एका मजुराचा मुलगा होता. एवढ्या एका कारणासाठी तरी त्याची गोष्ट आपण वाचायला हवी.

त्याच्याविषयीची चार पुस्तके मी ओळीने वाचली. एक त्याच्या स्वतःच्या नावावर १८९२ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र. त्यात त्याने स्वतःला ‘एकोणिसाव्या शतकातला ग्लॅडिएटर’ म्हणवून घेतले आहे. दुसरे एलियट गॉर्न यांचे ‘द मॅन्ली आर्ट’ (१९८६), तिसरे मायकेल आयझेनबर्ग यांचे ‘जॉन एल. सलिव्हन अँड हिज अमेरिका’ (१९८८), आणि चौथे ख्रिस्तोफर क्लाइन यांचे ‘स्ट्राँग बॉय’ (२०१३). चारही पुस्तकांना ज्याच्याजवळ थांबावेच लागते असा एक प्रसंग म्हणजे १८८३-८४ चा त्याचा देशभरचा दौरा. या लेखात मी त्या दौऱ्यापुरतेच बोलणार आहे. कारण माझ्या मते सलिव्हनची सारी थोरवी आणि सारे खुजेपण त्या आठ महिन्यांत एकत्र सापडते.

प्रथम हकीकत. सलिव्हनचा जन्म १८५८ साली बॉस्टनजवळच्या रॉक्सबरीत झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये मिसिसिपी राज्यात पॅडी रायनला नऊ फेऱ्यांत हरवून तो अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला. ती लढत उघड्या मुठींची होती आणि अशा लढती जवळजवळ सगळीकडे बेकायदा होत्या. पुढच्या वर्षी, २८ सप्टेंबर १८८३ रोजी, बाल्टिमोरहून तो साथीदार मुष्टियोद्ध्यांचा ताफा घेऊन रेल्वेने निघाला. पॅसिफिक किनारा गाठून, टेक्सासला वळसा घालून २३ मे १८८४ रोजी ओहायोतील टोलेडो येथे दौरा संपला. २३८ दिवस, १३६ गावे, १९५ कार्यक्रम असा त्याचा हिशोब दिला जातो. जाहिरातीतले आमिष असे : हातमोजे घालून, क्वीन्सबरी नियमांनुसार जो कोणी सलिव्हनपुढे चार फेऱ्या टिकेल त्याला अडीचशे डॉलर्स. ही रक्कम पुढे वाढत हजारापर्यंत गेली. साध्या मजुराला त्या काळी दिवसाला दीड डॉलरच्या आसपास मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आमिषाचे वजन कळते.

चार फेऱ्या म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या चार, एकूण बारा मिनिटे. बारा मिनिटे उभे राहायचे आणि वर्षाची कमाई खिशात घालायची! अनेक जण त्या मोहाला बळी पडले. आयोवात डॅव्हनपोर्टला माइक शीहान नावाचा, राज्यातला सर्वांत ताकदवान समजला जाणारा गडी उभा राहिला. मॉन्टानातल्या बुट या खाणींच्या गावी फ्रेड रॉबिन्सन पुढे आला आणि दोन फेऱ्यांत पुन्हा पुन्हा आडवा झाला. मेम्फिसला १ मे १८८४ रोजी विल्यम फ्लेमिंग रिंगणात उतरला. त्याची लढत दोन सेकंदांत आटोपली अशी नोंद आहे. टाळी वाजवायलाही तेवढा वेळ लागत नाही.

या कथा वाचताना मजा वाटते, हे कबूल. पण माझा पहिला आक्षेप इथेच आहे. दौऱ्याची जी दंतकथा पसरली ती अशी, की सलिव्हन गावोगाव हिंडला आणि रोज रात्री एकेकाला लोळवत गेला. प्रत्यक्ष हिशोब काय सांगतो? १९५ कार्यक्रम आणि बाद झालेले आव्हानवीर सुमारे अकरा! म्हणजे दर अठरा कार्यक्रमांमागे एक. बाकीच्या बहुतेक रात्री कोणी पुढे आलेच नाही. त्या रात्री सलिव्हन आपल्याच ताफ्यातल्या पगारी माणसांशी खेळत असे. या ताफ्यात हर्बर्ट स्लेड होता. आयरिश बाप आणि माओरी आई यांचा हा न्यूझीलंडचा मुलगा. ६ ऑगस्ट १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलिव्हनने त्याला तीन फेऱ्यांत हरवले होते. दोन महिन्यांच्या आत तोच स्लेड त्याच्या ताफ्यात नोकरीला लागला आणि गावोगाव त्याच्याशी लुटुपुटीची लढाई करू लागला. चरित्रकार हे सगळे सांगतात, काही लपवीत नाहीत. पण या हिशोबातून निघणारा निष्कर्ष काढायला ते बिचकतात. तो निष्कर्ष असा, की हा दौरा म्हणजे मुष्टियुद्धाचा पराक्रम नव्हे. लढतीच झाल्या नाहीत, तर पराक्रम कुठला?

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चटकन पटेल. तिथे रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत प्रत्येक वेळी पंच ‘जोड’ लावतात. वजन, वय, नाव पाहून बरोबरीचा गडी शोधतात. जोड विजोड झाली तर फडातले लोकच ओरडतात. जिंकणाऱ्याला त्यात शोभा नसते. सलिव्हनच्या दौऱ्यात जोड नावाची गोष्टच नव्हती. एका बाजूला देशाचा अजिंक्यवीर, दुसऱ्या बाजूला दिवसभर राबून आलेला गावचा पैलवान. ज्याने कधी हातमोजे पाहिलेही नव्हते त्याला मोजे बांधून उभे करायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात विजयाची बातमी छापून आणायची. या कसोटीवर हा दौरा उतरत नाही.

आणि जे टिकले ते कसे टिकले? युक्ती आधीच माहीत झालेली होती. जुलै १८८२ मध्ये टग विल्सन नावाच्या इंग्रज खेळाडूने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वारंवार खाली पडून चार फेऱ्या काढल्या आणि पैसे घेऊन मायदेशी गेला. मार्च १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जॉर्ज रॉबिन्सननेही तेच केले. ठोसा बसण्याआधीच तो पुन्हा पुन्हा खाली बसत राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला मात्र या रॉबिन्सनविषयी थोडी सहानुभूती वाटते. अट टिकण्याची होती, शौर्य दाखवण्याची नव्हती. विजोड कुस्तीला त्याने विजोड उत्तर दिले, इतकेच.

मग लोक तिकिटे काढून कशासाठी येत होते? इथे आयझेनबर्ग यांचे पुस्तक उपयोगी पडते, कारण ते सलिव्हनला त्याच्या काळात ठेवून पाहतात. चित्रपट अजून जन्माला यायचा होता. वर्तमानपत्रांतून, विशेषतः ‘पोलीस गॅझेट’सारख्या साप्ताहिकातून, सलिव्हनचे नाव घरोघर पोहोचले होते, पण त्याला कोणी पाहिले नव्हते. लोक लढत बघायला आले नाहीत, त्याला बघायला आले. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे : दर्शन. त्याच्याशी हस्तांदोलन केलेल्या माणसाशी हस्तांदोलन करणे हीसुद्धा पुढे मिरवण्याची गोष्ट झाली. आणि हे दर्शन शक्य झाले ते रेल्वेमुळे. वायव्येकडे जाणारा नॉर्दर्न पॅसिफिक लोहमार्ग दौरा सुरू होण्याआधी जेमतेम तीन आठवडे पूर्ण झाला होता, आणि दौरा चालू असतानाच, १८ नोव्हेंबर १८८३ रोजी, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. देशाचे घड्याळ जुळत होते त्याच हंगामात देशाला एक सामाईक नायक मिळाला. दौऱ्याचे खरे महत्त्व मला इथे दिसते. शिवाय हातमोज्यांचे मुष्टियुद्ध त्याने गावोगावच्या नाट्यगृहांत नेले. चोरूनमारून चालणाऱ्या खेळाला त्यामुळे चारचौघांत बसता आले. सलिव्हनने स्वतः जुलै १८८९ मध्ये जेक किलरेनशी ७५ फेऱ्यांची उघड्या मुठींची लढत दिली. त्या पद्धतीची ती अखेरची अजिंक्यपदाची लढत ठरली, आणि ती इतिहासजमा करण्याचे बरेचसे श्रेय याच माणसाच्या दौऱ्याला जाते.

आता माझा दुसरा आणि मुख्य आक्षेप. सलिव्हनची जी बढाई सर्वांत प्रसिद्ध झाली तिचा आशय असा, की या घरात जो कोणी असेल त्याला मी झोडपून काढीन. ‘कोणीही’ या शब्दावर साऱ्या दौऱ्याची इमारत उभी आहे. पण ‘कोणीही’ म्हणजे कोण? १८९२ साली त्याने जे जाहीर आव्हान दिले त्यात त्याने स्वच्छ सांगून टाकले, की पहिला येईल त्याच्याशी लढेन, पण तो गोरा असला पाहिजे. काळ्या माणसाशी मी लढणार नाही. त्याच्याच बॉस्टनमध्ये जॉर्ज गॉडफ्री नावाचा नामांकित काळा मुष्टियोद्धा होता. पीटर जॅक्सन तर त्या काळचा बहुधा सर्वांत कसलेला गडी. मे १८९१ मध्ये त्याने जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्यांची अनिर्णित लढत दिली. त्याच कॉर्बेटने सप्टेंबर १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सलिव्हनला २१ व्या फेरीत झोपवले. म्हणजे बरोबरीची जोड उपलब्ध होती. ती लावली गेली नाही. गावच्या पैलवानासाठी दार सताड उघडे आणि खऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी बंद, अशी ही ‘कोणीही’ची व्याख्या. गंमत म्हणजे माओरी रक्ताचा स्लेड त्याला चालला. ही रेषा तत्त्वाची नव्हती, सोयीची होती.

‘त्या काळी सगळेच असे होते’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्याच्यापुढे देश वाकला होता त्याने ही रेषा ओलांडली असती तर निदान बोलणे तरी सुरू झाले असते. त्याने ती आखून दिली, आणि पुढच्या अजिंक्यवीरांना ती सोयीची सबब झाली. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीला जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवीपर्यंत एकाही काळ्या खेळाडूला हे अजिंक्यपद मिळाले नाही. मात्र एक गोष्ट सलिव्हनच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने जेफ्रीजला हरवले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सलिव्हनच्या नावाने जो वृत्तान्त आला त्यात जॉन्सन न्याय्य रीतीने जिंकला असे मान्य केले होते. उशिरा का होईना, पण हे लिहिले गेले.

मला हे प्रकरण बोचते ते आपल्यामुळे. सलिव्हनचे आईबाप आले त्या बॉस्टनमध्ये आयरिश माणसाला सन्मानाने वागवले जात नव्हते. त्यांचा मुलगा ठोशांच्या जोरावर आत शिरला, आणि आत गेल्यावर मागचे दार लावून घेणाऱ्यांत सामील झाला. आपणही शिक्षणाच्या जोरावर आत आलेली माणसे आहोत. ‘या देशात कोणीही वर येऊ शकतो’ हे वाक्य आपण पार्ट्यांमधून किती सहज बोलतो! त्या ‘कोणीही’त आपण कोणाला धरतो आणि कोणाला वगळतो, हे मुलांसमोर बोलताना तरी तपासून पाहावे.

आता पुस्तकांविषयी थोडक्यात. आत्मचरित्र हे पुढल्या विक्रीसाठी लिहिलेले पुस्तक आहे. हार्वर्डच्या डॉ. डडली सार्जंट यांनी घेतलेली सलिव्हनच्या शरीराची मापे त्यात तक्त्यांसह छापली आहेत, आणि मला तो भाग सर्वांत प्रामाणिक वाटला. क्लाइन यांचे पुस्तक ओघवते, सुटीत वाचायला उत्तम. पण लेखक नायकाच्या फारच जवळ उभा आहे. आयझेनबर्ग सविस्तर आणि भरवशाचे, फक्त सवड हवी. एकच वाचायचे असेल तर मी गॉर्न यांचे सुचवीन. सलिव्हन त्यात शेवटाकडे येतो, पण ज्या कष्टकरी जगातून तो आला त्याची ओळख तोवर पुरती झालेली असते. माझी तक्रार चौघांविरुद्ध सारखीच आहे : रिंगणात उतरणाऱ्या त्या अकरा जणांच्या बाजूने कोणी पाहिले नाही. शीहान, रॉबिन्सन, फ्लेमिंग यांना प्रत्येकी दोन-चार ओळी. ज्यांच्या जिवावर दंतकथा उभी राहिली त्यांच्या वाट्याला तळटीप आली.

सलिव्हनने पुढे दारू सोडली, दारूबंदीवर व्याख्याने देत तो पुन्हा गावोगाव हिंडला आणि १९१८ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधील ॲबिंग्टन येथे वारला. तो मोठा होता यात शंका नाही. पण त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून हा दौरा पुढे करू नये. त्या दौऱ्यात त्याने बरोबरीच्या माणसाला हरवले असे एकदाही घडले नाही.