हलल्याशिवाय न दिसणारा पंखा

माझा आक्षेप पंख्यावर नाही, त्याच्या फोटोवर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलमध्ये, रिओ दी जनेरोच्या रुआ दो ओव्हिदोर या रस्त्यावर, पिसांचे पंखे विकले जात. गिऱ्हाईक बहुतेक युरोपियन. न मिटणारा गोल पंखा, हस्तिदंती दांडा, कडेला मऊ पांढरी पिसं आणि मधोमध पेंढा भरलेला अख्खा हमिंगबर्ड. आज यातले काही युरोपातल्या संग्रहालयांत आहेत आणि आपण ते मोबाइलवर बघतो. मीही तसेच पाहिलेत.

आता तो फोटो उघडा आणि फोन तिरका करा. काहीच होत नाही ना? खरी वस्तू हातात असती तर गळ्याची हिरवी-लाल चमक एका क्षणी पेटली असती आणि दुसऱ्या क्षणी काळी पडली असती. कारण या रंगाचं रंगद्रव्य तिथे नाहीच. पिसाच्या तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या, आत हवेचे बुडबुडे असलेल्या चकत्यांचे थर असतात. थराथरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी ठरावीक लांबीच्या लहरीच एकमेकींना बळ देतात. कोन बदलला की लांबी बदलते. साबणाच्या फुग्यावर हेच घडतं, फक्त इतकं शिस्तीत नाही. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट आणि सहकाऱ्यांनी १९६०मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या चकत्या दाखवल्या. (हे ग्रीनवॉल्ट तेव्हा ड्यूपाँट कंपनीचे प्रमुख होते. छंद असावा तर असा!) त्याआधी तीन शतकं, १६६५मध्ये, रॉबर्ट हूकने मोराचं पीस पाण्यात भिजवलं आणि रंग गेलेला पाहिला. रंगद्रव्य पाण्याने असं लपत नाही.

म्हणजे हा रंग म्हणजे एक घटना आहे. ती घडायला उजेड, डोळा आणि हालचाल लागते. अ‍ॅनाज हमिंगबर्ड जातीचा नर मादीपुढे सूर मारताना सूर्याची दिशा साधतो, ती याचसाठी. पंखा बनवणाऱ्यांना भौतिकशास्त्र कळो न कळो, हे कळलं होतं: पक्षी मेला, तर त्याची हालचाल बाईच्या मनगटाने करायची. कल्पना म्हणून मला ती अफलातून वाटते, आणि तितकीच भयंकर.

स्थिर फोटो नेमकं हे भयंकरपण काढून घेतो. पक्षी दागिन्यासारखा दिसतो, आपण ‘किती सुंदर’ म्हणून पुढे सरकतो. दिव्याखाली सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरेसा होता. त्यात तो गळा जिवंत असल्यासारखा पेटला असता आणि शेजारचे काचेचे डोळे तसेच राहिले असते. बघणाऱ्याला दोन्ही एकदम सोसावं लागलं असतं. रंगद्रव्य उन्हाने उडतं; थरांची रचना शाबूत असेपर्यंत हा रंग मात्र शे-दीडशे वर्षांनीही ताजा. पक्ष्याचं काय झालं याचा त्याला पत्ता नसतो.

पिसांच्या फॅशनविरुद्ध १८८९मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी संघटना उभी केली. ब्रिटनचा कायदा यायला १९२१ उजाडलं. त्यानेही फक्त आयात थांबवली. घरातला पंखा हलवायला कुणालाच मनाई नव्हती.