‘अधीन’ आणि ‘आपण’ : गुंतवणुकीच्या जाहिरातींतील मराठीविषयी काही विचार

“म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजार जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा.” हे वाक्य थोड्याफार शब्दभेदाने मराठी माणसाच्या कानांवर जितक्या वेळा पडते, तितके आजच्या गद्यातील दुसरे वाक्य क्वचितच पडत असेल. असे असूनही भाषेच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. वाङ्मय नव्हे म्हणून ते दुर्लक्षावे, तर त्याच्या अर्थावर कित्येक कुटुंबांची आयुष्याची शिल्लक अवलंबून आहे. एका निवृत्त आप्तांनी ‘अधीन म्हणजे सरकारच्या ताब्यात का?’ असे प्रस्तुत लेखकास विचारले, तेव्हा हा विषय टाळण्याजोगा नाही हे ध्यानी आले.

प्रश्न हास्यास्पद नव्हता. मराठीत ‘अधीन’ हा शब्द सत्तेचा आहे. पराधीन, स्वाधीन, दैवाधीन या सर्व शब्दांत कोणी तरी स्वामी आहे आणि कोणी तरी त्याच्या हाताखाली आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील एका ठरीव प्रयोगास हा प्रतिशब्द लावताना शब्द जुळला. व्यापार मात्र जुळला नाही. मूळ वाक्यात ‘नुकसान होऊ शकते’ ही सूचना निदान गर्भित आहे. मराठीत गुंतवणूक कोणा मोठ्या शक्तीच्या आश्रयास गेल्याचा भास होतो. ‘जोखीम’ या शब्दाचीही तीच गत. जोखमीची वस्तू म्हणजे मौल्यवान, जपून ठेवण्याची वस्तू, ही छटा घरगुती बोलण्यात अजून जिवंत आहे. शिवाय सबंध वाक्यात पैसा हा शब्द नाही आणि ज्याचा पैसा जाणार तो माणूसही नाही.

नियामकाने मात्र अर्थापेक्षा वेळ मोजला. ‘सेबी’च्या १९९६ च्या म्युच्युअल फंडविषयक विनियमांच्या सहाव्या अनुसूचीत दृक्‌श्राव्य जाहिरातींसाठी स्पष्टतेचे उदाहरण दिलेले होते : १४ शब्दांचा इशारा किमान ५ सेकंद चालावा. इंग्रजी वाक्याचे शब्द बरोबर १४ भरतात आणि उच्चारातील अवयव सुमारे २६. वर दिलेल्या मराठी वाक्यात शब्द १३, म्हणजे एकाने कमीच. परंतु उच्चारावयव ३६ च्या आसपास जातात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या पोटात घेणाऱ्या भाषेस शब्दसंख्येचे माप लावले की असे होणारच. तेच ५ सेकंद धरल्यास मराठी निवेदकास दर सेकंदास सातांहून अधिक अवयव उच्चारावे लागतात. इशारा मंत्रासारखा पुटपुटला जातो, ही तक्रार आपण निवेदकाच्या माथी मारतो. तिचे मूळ काही अंशी मापातच आहे.

येथवर झाला तो दूरचित्रवाणीच्या काळातील प्रश्न. समाजमाध्यमांवर तो अधिक सूक्ष्म झाला आहे, कारण तेथे जाहिरात स्वतःस जाहिरात म्हणवीत नाही. (‘जाहिरात’ हा शब्दच मुळी उघडपणाचा, हा एक विनोद.) भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली, १५ सेकंद वा त्याहून लहान चित्रफितीत प्रकटनाचे लेबल किमान ३ सेकंद दिसावे असे त्यांत म्हटले होते. पुन्हा सेकंदच! ते लेबल इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत, सामान्य ग्राहकास नीट समजेल असे असावे, हे कलम मात्र भाषाभ्यासकाने मनापासून वाखाणावे असे आहे. २०२४ मध्ये ‘सेबी’ने नियमबद्ध संस्थांना, नोंदणीविना सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली, शिक्षणास मोकळीक ठेवली. मग शिक्षण कोणते आणि सल्ला कोणता? २०२५ च्या जानेवारीतील परिपत्रकाने शिक्षकास मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरण्यास बंदी केली. म्हणजे सल्ल्याची ओळख काळावरून ठरविली गेली. युक्ती चतुर आहे. तथापि सल्ला हा काळापेक्षा अर्थात आणि पुरुषात अधिक वसतो.

मराठी चित्रफितींतील बोलणे ऐकावे. ‘घ्या’, ‘गुंतवा’ असा आज्ञार्थ त्यांत विरळा. ‘घ्यावा’ हा विध्यर्थही बेताचाच. मन वळविण्याचे काम करतो तो ‘आपण’. “आपण काय करतो, दरमहा पाच हजारांची एसआयपी लावतो आणि विसरून जातो.” हे वर्तमानकाळी विधान आहे, यात आज्ञा नाही, उपदेश नाही, भविष्याचे आश्वासन नाही. परंतु मराठीत ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते आणि ‘आपण’ त्यास पोटात घेते. हा भेद तमिळ-तेलुगूंतही आहे, इंग्रजीत नाही. शिवाय हाच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करीत असल्याने ऐकणारा एकाच वेळी सन्मानित होतो आणि सामीलही होतो. वाक्य संपते तेव्हा त्याने गुंतवणूक केलेलीच असते. उरतो तो केवळ व्यवहार. इंग्रजीत घडविलेल्या नियमाच्या दृष्टीस हे वाक्य सल्ला म्हणून पडणे कठीण आहे. आईने ‘आता आपण औषध घ्यायचं’ म्हटल्यावर मूल त्यास विधान समजत नाही, हे मात्र प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे.

२०१७ पासून गाजलेल्या उद्योगव्यापी मोहिमेतील ‘सही’ या शब्दाविषयीही पुष्कळ लिहिता येईल. हिंदीत तो ‘योग्य’. मराठीत स्वाक्षरी, आणि तरुणांच्या बोलीत ‘झकास’. कागद न वाचता सही करणाऱ्यांच्या समाजात हा श्लेष कोणी हेतुतः साधला नसेल, तरी तो बोचतो.

इशाऱ्यापुरता एक पर्याय सुचवितो : “बाजार उतरला तर तुमचे पैसे कमी होऊ शकतात, पैसे भरण्यापूर्वी योजनेची कागदपत्रे नीट वाचा.” शब्द १४ आहेत, अवयव सुमारे ३२. बचत थोडी आहे हे मान्य. ‘सर्व’ हा शब्द गळला आहे, आणि बाजाराची जोखीम केवळ उतरण्याची नसते, रोख्यांवर व्याजदर वाढल्यानेही घाव बसतो, असा आक्षेप कायदेपंडित घेतील. तो निराधार नाही. पण माझ्या त्या आप्तांना हे वाक्य वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी ‘किती कमी?’ असे विचारले.