संशोधन अनुदानाचा अर्ज आणि प्रशासकीय अनिश्चितता : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
शासकीय अर्जनमुना हा वरवर पाहता रकाने भरण्याचा विषय वाटतो. वस्तुतः तो शासन आणि अर्जदार यांच्यातील एक करार असतो. अर्जदाराने ठरलेली माहिती ठरलेल्या दिवशी द्यावी आणि शासनाने ठरलेल्या निकषांवर तिचे परीक्षण करावे, हे या कराराचे सूत्र होय. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (यापुढे एन.आय.एच.) या संघीय संस्थेच्या अनुदान प्रक्रियेत २०२५ मध्ये जे घडले, त्याच्या आधारे या कराराची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नव्या नमुन्याचा हेतू :
२५ जानेवारी २०२५ पासूनच्या मुदतींसाठी एन.आय.एच.ने अर्जनमुन्याची नवी आवृत्ती आणि परीक्षणाची सुलभ चौकट लागू केली. पूर्वीच्या पाच निकषांची तीन घटकांत फेरमांडणी झाली. संशोधनाचे महत्त्व आणि त्याची काटेकोरता व व्यवहार्यता या दोन घटकांना १ ते ९ गुण देण्याचे ठरले. संशोधकाची योग्यता आणि संस्थेची साधने या तिसऱ्या घटकाला मात्र गुण नाहीत; ती पुरेशी आहेत किंवा नाहीत, एवढेच पाहावयाचे. संस्थेच्या नावलौकिकाचा प्रभाव परीक्षणावर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. लहान महाविद्यालयातील संशोधकाच्या दृष्टीने हा बदल निश्चितच स्वागतार्ह म्हणावा लागेल.

प्रक्रियेतील खंड :
तथापि ही चौकट लागू होण्याच्या चार दिवस आधी, २१ जानेवारी २०२५ रोजी, आरोग्य विभागाच्या बाह्य संपर्कावर तात्पुरती बंदी आली आणि परीक्षण समित्यांच्या बैठका रद्द होऊ लागल्या. १९७२ च्या सल्लागार समिती कायद्यानुसार अशा बैठकांची सूचना साधारणतः किमान १५ दिवस आधी 'फेडरल रजिस्टर' या राजपत्रात द्यावी लागते. या सूचना पाठविणेही थांबल्याने नव्या बैठका ठरविणे अशक्य झाले. नव्या आर-०१ अर्जांची ५ फेब्रुवारीची नेहमीची मुदत मात्र समोर उभी होती. अर्थात कराराची एक बाजू स्थगित आणि दुसरी बंधनकारक, अशी विसंगत अवस्था निर्माण झाली.

पुढे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अर्थसंकल्पीय मंजुरीअभावी संघीय शासनाचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले. ५ ऑक्टोबरची मुदत नेमकी याच काळात आली. असे प्रसंग पूर्वीही घडले आहेत. २०१३ मध्ये कामकाज १६ दिवस बंद राहिले, तेव्हा एन.आय.एच.ने ऑक्टोबरमधील मुदती नोव्हेंबरमध्ये नेल्या होत्या. म्हणजेच खंड पडला तरी न्याय्य तोडगा काढता येतो, हे त्या अनुभवावरून दिसून येते.

अर्जदारापुढील पेच :
अनुदानविषयक मार्गदर्शनपर लेखनात काही सूचना नेहमी आढळतात. नमुन्याची आवृत्ती तपासावी, संस्थेची वार्षिक नोंदणी वेळेत नूतनीकृत करावी, त्रुटी दुरुस्त करण्यास अवधी मिळावा म्हणून अर्ज मुदतीपूर्वी काही दिवस पाठवावा आणि शंका असल्यास कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलावे. या सूचना योग्यच आहेत. परंतु उत्तर देणारे प्रशासन अस्तित्वात आहे, हे त्यांचे गृहीतक आहे. संपर्कच बंद झाला की सर्वांत उपयुक्त सूचना निरर्थक ठरते.

येथेच विषमता प्रकट होते. मोठ्या विद्यापीठांत अनुदान कार्यालय असते आणि काही महिने वेतन सांभाळण्याइतका निधीही असतो. लहान संस्थेत अध्यापन करणारी व्यक्तीच नवे नमुने वाचते आणि भरते. के-९९ सारख्या योजनेत पात्रता पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या ४ वर्षांच्या आत मोजली जाते. तेथे एक फेरी हुकणे ही मोठी हानी होय. तिसऱ्या घटकाचे गुण काढून कागदावर जी समानता दिली, ती वेळापत्रकातील अनिश्चिततेने हिरावून घेतली.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने आणि एन.आय.एच.च्या साहाय्याने एच.आय.व्ही. व क्षयरोगावर संशोधन झाले आहे. १ मे २०२५ रोजी एन.आय.एच.ने नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी उपअनुदाने असलेले नवे प्रस्ताव मंजूर न करण्याचे जाहीर केले, तेव्हा अशा सहकार्याचा पायाच अनिश्चित झाला.

समारोप :
निवडून आलेल्या शासनाला संशोधनाचे अग्रक्रम बदलण्याचा अधिकार आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु अग्रक्रम बदलणे आणि चालू परीक्षण मध्येच थांबविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचे उत्तर शासन मतदारांना देते. दुसरीची किंमत मात्र एकटा अर्जदार मोजतो. म्हणून कामकाज जितके दिवस बंद राहील तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी, ते दिवस पात्रतेच्या कालगणनेतून वगळावेत आणि परीक्षण ठप्प असताना नवा नमुना सक्तीचा करू नये, एवढे तीन नियम तरी आवश्यक ठरतात. नमुना कितीही निर्दोष असला तरी तो वाचणारी समिती बसली नाही, तर त्यातील न्याय कागदावरच राहतो.