टाकीचे घाव आणि देवपण

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी वाचकाच्या मनात इतकी रुजली आहे की चरित्र-आत्मचरित्रांच्या वाचनाची तीच एक रूढ चौकट होऊन बसली आहे. नायकाने दैन्य भोगावे, अपयश पचवावे आणि अखेरीस त्या भोगण्याचेच फळ म्हणून त्याचे व्यक्तिमत्त्व उंचावावे, अशी ही चौकट. तिच्यातील रूपकाकडे मात्र फारसे कोणी बारकाईने पाहत नाही. दगडाला इच्छा नसते. टाकी ज्याच्या हाती असते त्या शिल्पकाराच्या मनात मूर्ती आधीच असते, म्हणून त्याच्या घावाला प्रयोजन असते. हेच रूपक माणसाच्या आयुष्याला लावले की एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : येथे शिल्पकार कोण? भूक, जात, पोलिसांची लाठी यांच्या मनात कोणती मूर्ती होती?

१९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर बहराला आलेल्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांसंबंधी हा प्रश्न विचारणे अधिकच आवश्यक ठरते. या लेखनाचा गौरव करताना ‘जिद्दीची गाथा’, ‘अंधारातून प्रकाशाकडे’ असे शब्दप्रयोग सर्रास केले जातात. त्यांत सद्भाव असतो. परंतु त्यांमुळे दु:ख हेच घडणीचे कारण ठरते, आणि दु:ख देणारी व्यवस्था नकळत शिल्पकाराच्या आसनावर जाऊन बसते. आजच्या लातूर जिल्ह्याच्या मातीशी नाते सांगणारी दोन आत्मकथने, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), या दृष्टीने वाचली असता ही चौकट किती अपुरी आहे ते स्पष्ट होते.

‘उचल्या’मध्ये घाव हे रूपक राहत नाही. लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेल्या या निवेदकाच्या जमातीत मुलाला चोरीची विद्या शिकवण्याचा एक भाग म्हणून मारले जाते. पुढे पोलिसांचा मार बसला तरी त्याने तोंड उघडू नये, यासाठी. म्हणजे येथे घाव सोसण्याचे रीतसर शिक्षणच आहे. या शिक्षणातून काय निपजते? सहनशक्ती निपजते, अंग निबर होते. परंतु मन विस्तारत नाही. सोसण्याची ताकद आणि वाढण्याची शक्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गायकवाडांचे निवेदन कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून देते. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. असे कायदे स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, रद्द झाले. पण पोलिसांच्या झडत्या आणि गावाचा संशय कायम राहिला. कष्टांनी माणसे घडत असती, तर या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या थोर माणसेच निपजली असती.

निवेदकाचे आयुष्य वळण घेते ते वडिलांच्या निर्णयामुळे. मार्तंड मुलाला शाळेत घालतो. या निर्णयाची किंमत मोठी आहे. वस्तीतील मुले आजारी पडतात तेव्हा त्याचे खापर मार्तंडाच्या मुलाच्या शाळेवर फुटते. जे जातीत कधी घडले नाही ते घडले, म्हणून हे अरिष्ट, अशी लोकांची समजूत. या प्रसंगाचे मोल वाङ्मयीन दृष्ट्याही मोठे आहे. संकट येथे वाढीला पोषक ठरत नाही. ते वाढीच्या पहिल्या पावलावरच उलटते. त्या क्षणी बाप जर डगमगला असता, तर ‘उचल्या’ लिहिलाच गेला नसता. टिकून राहिला तो एका माणसाचा दुसऱ्यासाठी घेतलेला निर्णय.

उत्तरार्धात सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना, नोकरी जाणे, लहानसहान धंदे आणि अखेर भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतील काम असा प्रवास येतो. या भागात भाषेचा पोत पातळ होतो, निवेदन कार्यवृत्ताकडे झुकते, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. बालपणाच्या भागातील इंद्रियगोचर तपशील येथे विरळ होतात. तथापि या बदलामागे एक अर्थ आहे. ‘मी’चे ‘आम्ही’ होत जाणे हीच येथे वाढीची दिशा आहे. आणि एकट्याच्या अंतर्मनाचा शोध घेणारी आत्मचरित्राची परंपरागत भाषा या ‘आम्ही’ला पुरी पडत नाही. साहित्य अकादमीने १९८८ मध्ये या ग्रंथाचा गौरव केला. लेखकाच्या या यशाकडे घाव सोसल्याचे बक्षीस म्हणून पाहणे हा मात्र ग्रंथाचा विपर्यास होईल.

‘आठवणींचे पक्षी’ची रीत निराळी आहे. उदगीर परिसरातले हे पोरके मूल बहिणीच्या आश्रयाने राहते, पोटभर अन्नाला मोताद होते, मिळेल ते काम करत शिकते आणि पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचते. लेखक इंग्रजीचे प्राध्यापक झाले. म्हणजे ‘घडणी’ची कथा सांगण्याची पुरेपूर सोय त्यांच्यापाशी होती. त्यांनी ती नाकारली. सलग, चढत्या क्रमाची कहाणी न सांगता त्यांनी सुट्या आठवणी मांडल्या. शीर्षकातच या आकृतिबंधाचे सूचन आहे : पक्षी पायऱ्यांसारखे एकावर एक रचता येत नाहीत. भुकेची आठवण पुढच्या यशाची पूर्वतयारी म्हणून येत नाही. ती भुकेचीच आठवण राहते. सोनकांबळ्यांच्या संयत सुरात विद्रोह कमी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या आकृतिबंधातील नकार ध्यानात घ्यावयास हवा. दु:खाला उपयुक्त ठरवण्यास दिलेला तो नकार आहे.

येथे नांदेडचे एक उदाहरण तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. नरहर कुरुंदकरांना (१९३२–१९८२) इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आले, आणि तरीही ते पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि मराठवाड्याचे अग्रगण्य विचारवंत झाले, ही हकिकत अपयशातून घडणाऱ्या माणसाचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. कुरुंदकरांच्या प्रज्ञेविषयी शंका नाही. परंतु त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. परीक्षेने पाठ फिरवली तरी ग्रंथ आणि विद्वानांचा सहवास यांनी पाठ फिरवली नव्हती. जर्मन परंपरेतील घडणीच्या कादंबरीचा आदर्श मानला गेलेला गटेचा ‘विल्हेल्म माइस्टर’ व्यापाऱ्याचा मुलगा आहे, हाही योगायोग नव्हे. चुकण्यासाठी आणि पुन्हा उभे राहण्यासाठी सवड लागते. ती सवड कोणाच्या वाट्याला येते, याचा विचार केल्यावाचून अपयशाचे गोडवे गाता येत नाहीत. गायकवाड वा सोनकांबळे यांच्या बालपणात एकदा नापास होणे म्हणजे कायमचे मजुरीला लागणे होते.

यामुळे या लेखकांच्या कर्तृत्वाला उणेपणा येतो काय? मुळीच नाही. उलट, कर्तृत्व नेमके कोठे होते ते दिसते : आधाराचा एखादा धागा हाती लागताच तो न सोडण्यात, आणि पुढे तो इतरांच्या हाती देण्यात. आज लातूर ही गुणवत्तायाद्यांची आणि शिकवणी वर्गांची नगरी म्हणून ओळखली जाते. तेथील वर्गांत ही आत्मकथने हलाखीवर मात केल्याच्या प्रेरककथा म्हणून शिकवली जाण्याचा धोका खरा आहे, कारण समोर बसलेल्या मुलांपैकी काही अद्याप त्याच हलाखीत आहेत. त्यांची हलाखी हे त्यांचे भाग्य आहे, असे त्यांना सांगणे क्रूरपणाचे होईल.

मराठीत आणखी एक म्हण आहे : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. तिच्यात ठेच एकाला लागते आणि शहाणपण दुसऱ्याला येते. मधे सांगणारा आणि ऐकणारा असतो. ‘उचल्या’ आणि ‘आठवणींचे पक्षी’ या ग्रंथांचे वाचन टाकीच्या म्हणीपेक्षा या म्हणीच्या आधारे केल्यास ते लेखकांच्या हेतूशी अधिक इमान राखणारे ठरेल. त्यांनी ठेच सांगितली आहे, ती मागून येणाऱ्याला लागू नये म्हणून.