पेटीतले पत्रक काय सांगत नाही?

दोन इमारतींमधील संगणक एकमेकांना जोडायचे असतील, तर इथरनेटची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच पुरते. त्यापुढे काचेचा प्रकाशतंतू टाकावा लागतो. तांब्यातून येणाऱ्या विद्युत्‌संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विद्युत्‌संदेशात रूपांतर करणारी एकेक छोटी पेटी दोन्ही टोकांना बसवतात. बाजारात तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. आज अनेक शाळा-महाविद्यालयांत ती भिंतीवर दिसते, आणि ती बंद पडली की बहुधा विज्ञानाच्या शिक्षकांनाच बोलावले जाते. अशा वेळी हाताशी असते ते पेटीबरोबर आलेले घडीचे पत्रक. निरनिराळ्या उत्पादकांची अशी पत्रके चाळली तर ती एकाच साच्यातली वाटतात. म्हणून येथे एखाद्या कंपनीचे नव्हे, तर या लेखनप्रकाराचेच परीक्षण करायचे आहे.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. पत्रकातील आकृती बहुधा स्पष्ट असते. कोणता दिवा कशाचा, हे कोष्टकात दिलेले असते. ‘संगणकावर कोणतीही आज्ञावली भरावी लागत नाही’ हे विधानही खरे आहे. मात्र ते का खरे आहे, हे पत्रक सांगत नाही. साधा मीडिया कन्व्हर्टर संदेशाचा पत्ता पाहून वाट ठरवत नाही. तो फक्त त्याचे माध्यम बदलतो. म्हणून त्याला स्वतःचा आयपी पत्ताही नसतो. हे एक वाक्य छापले असते, तर पेटीचा पत्ता शोधण्यात कोणाचा वेळ गेला नसता.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. पत्रक कृती सांगते, कारण सांगत नाही. कारण ठाऊक नसलेला माणूस पेटी बसवू शकतो, पण बिघाड झाल्यावर विचार करू शकत नाही. गंमत अशी, की गाळलेली बहुतेक कारणे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात बसणारी आहेत.

पहिले उदाहरण तंतूच्या निवडीचे. ‘सुसंगत तंतू वापरावा’ एवढेच पत्रक म्हणते. बहुमार्गी तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन जाडीचा असतो, एकमार्गीचा सुमारे ९ मायक्रॉन. बाहेरचे काचेचे आवरण धरून दोघांचीही जाडी १२५ मायक्रॉनच भरते, त्यामुळे चुकीचा तंतूही खोबणीत व्यवस्थित बसतो. बहुमार्गीसाठीच्या गिगाबिट पेट्या बहुधा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि काही शे मीटरच जातात. एकमार्गीसाठी १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. दोन टोकांच्या पेट्या एकाच जातीच्या हव्यात. दोन तंतूंची जोडणी असेल, तर एकीकडचे प्रेषण दुसरीकडच्या ग्रहणाला जोडायचे. एकाच तंतूवर चालणाऱ्या पेट्यांत मात्र एक १३१० वर पाठवून १५५० वर ऐकणारी आणि दुसरी नेमकी उलट, अशी जोडी लागते. दोन्ही एकाच बाजूच्या आणल्या, तर दोघीही निर्दोष असून संदेश जात नाही.

येथे पाठ्यपुस्तकालाही थोडे बोलले पाहिजे. प्रकाशतंतूत नागमोडी उड्या मारत जाणारा किरण आपण फळ्यावर काढतो. जाड गाभ्यासाठी ते चित्र चालते. पण ९ मायक्रॉनच्या गाभ्यात १.३१ मायक्रॉनच्या जेमतेम सात तरंगलांबी मावतात. तेथे किरणाची कल्पनाच अपुरी पडते. प्रकाश तरंग म्हणून एकाच ठरावीक आकृतिबंधात पुढे सरकतो. ‘एकमार्गी’ या नावाचा अर्थ हा आहे.

दुसरे उदाहरण अंतराचे. पेटीवर ‘२० किमी’ असे ठळक छापलेले असते. खरे तर छापायला हवा तो प्रकाशशक्तीचा जमाखर्च. समजा, पेटी किमान उणे ९ डीबीएम, म्हणजे सुमारे एक अष्टमांश मिलिवॉट, शक्तीने पाठवते आणि समोरची उणे २० डीबीएमपर्यंत, म्हणजे मिलिवॉटच्या शंभराव्या भागापर्यंत, ओळखू शकते. मग खर्चाला ११ डेसिबेल मिळाले. तंतूत दर किलोमीटरला ०.४ प्रमाणे २० किलोमीटरना ८, चार जोडण्यांना प्रत्येकी ०.५ प्रमाणे २, वितळवून केलेल्या सहा सांध्यांना ०.१ प्रमाणे ०.६. एकूण १०.६. शिल्लक राहिले ०.४ डेसिबेल. अनुभवी तंत्रज्ञ किमान ३ डेसिबेल राखून ठेवतात, कारण केबल तुटून पुन्हा सांधली जाते, जोडणीवर धूळ बसते. म्हणजे या उदाहरणातले २० किलोमीटर कागदावरचेच. उलट, लांब पल्ल्याची जोरदार पेटी जवळच्या अंतराला लावली, तर समोरचा ग्राहक दिपतो. मध्ये क्षीणक घालावा लागतो.

शाळेच्या दोन इमारतींत अंतर ३०० मीटर असेल, तर तंतूतली घट ०.१२ डेसिबेल, म्हणजे नगण्य. तेथे शत्रू अंतर नव्हे, धूळ. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर तेवढाच एक कण बसला तर वाट बंद होऊ शकते. म्हणून टोपण जोडणीच्या क्षणीच काढावे आणि टोक धागे न सुटणाऱ्या कापडाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. हे गणित वर्गात घेण्याजोगे आहे. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये संदेशवहनासाठी जी मर्यादा सुचवली, ती किलोमीटरला २० डेसिबेल होती. म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी चालेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती गाठली. आज ०.४ डेसिबेल घटीला शंभरातले ९१ भाग उरतात. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरे उदाहरण पेटीवरच्या इवल्याशा बटनांचे. ‘मूळ स्थितीत ठेवावीत’ हा पत्रकाचा सल्ला सोपा, पण अपुरा आहे. तांब्याच्या बाजूला दोन यंत्रे वेग आणि दुहेरी वाहतूक आपसांत बोलणी करून ठरवतात. १०० मेगाबिटच्या जोडणीत एका बाजूला बटनाने ‘पूर्ण दुहेरी’ पक्के केले आणि दुसरी बोलणीवर ठेवली, तर बोलणी न झाल्यामुळे दुसरी ‘अर्धी दुहेरी’ धरते. दिवे लागतात, काम मात्र रखडत चालते. असा बिघाड शोधणे फार कठीण. नियम सोपा आहे: दोन्ही बाजू बोलणीवर, नाहीतर दोन्ही पक्क्या. तंतूच्या बाजूला १०० आणि १००० मेगाबिटच्या पेट्या एकमेकींशी जुळवून घेत नाहीत, हेही ठळक अक्षरांत हवे.

दुसरे बटन बिघाडाची वर्दी पुढे देण्याचे, पत्रकातले एलएफपी. ते बंद असेल तर तंतू तुटला तरी तांब्याकडचा दिवा जळतच राहतो आणि संशय संगणकावर जातो. चालू असेल तर तांब्याची जोडणीही पेटी मुद्दाम सोडते, मग पुढच्या यंत्राला बिघाड कळतो. म्हणून बसवताना ते बंद ठेवून प्रत्येक टप्प्याचा दिवा स्वतंत्रपणे तपासावा आणि काम झाल्यावर चालू करावे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ‘तंतूच्या टोकात पाहू नये’ ही सूचना शेवटच्या घडीत, बारीक अक्षरांत असते. वर्गात आपण विजेरीचा प्रकाश तंतूत सोडतो आणि मुलांना चमकणारे टोक पाहायला सांगतो. तीच सवय मुले पेटीजवळ नेतात. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटण्याची नैसर्गिक क्रियाही होत नाही. शाळेतल्या पेटीतील लेझर बहुधा सौम्य वर्गातला असतो, पण तंतूच्या दुसऱ्या टोकाला काय जोडले आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते.

काही जण मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहतात. कॅमेऱ्याचा संवेदक सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनमधील ऊर्जाफट १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. १२४० भागिले तरंगलांबी या सूत्राने ८५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.४६ येते, तो पकडला जाऊ शकतो. १३१० च्या फोटॉनची ०.९५ येते, तो पकडला जात नाही. म्हणून कॅमेऱ्यात काही दिसले नाही, तरी प्रकाश नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. खात्री करायची तर प्रकाशशक्तिमापकच हवा.

आश्चर्य म्हणजे पत्रके या योजनेचा मोठा गुणही सांगत नाहीत. काच वीज वाहून नेत नाही. वळवाच्या दिवसांत आसपास वीज पडली की दोन इमारतींच्या जमिनीच्या विभवात मोठा फरक पडतो, आणि तांब्याची केबल तो थेट यंत्रांपर्यंत नेते. तंतू ही वाट तोडतो. मात्र बाहेरच्या केबलीला पोलादी चिलखत असेल, तर ते इमारतीत शिरताना नीट अर्थ केलेच पाहिजे; नाहीतर हा लाभ हातचा जातो.

चांगल्या पत्रकाला फार जागा लागणार नाही. धोका पहिल्या ओळीत, मग तंतूची जात आणि तरंगलांबी, मग शक्तीचा जमाखर्च, मग बटने, आणि प्रत्येक सूचनेपुढे ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य. उत्पादक हे करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळेतल्या पेटीचे पत्रक बारावीच्या विद्यार्थ्यांना द्यावे आणि ते मराठीत, कारणांसह, पुन्हा लिहायला सांगावे. जेथे ‘कारण’ लिहिता येणार नाही, तेथे आपले शिकवणे कोठे कमी पडले तेही कळेल. तयार झालेला कागद पेटीशेजारी भिंतीवर लावावा. पुढच्या बिघाडाच्या वेळी तो उपयोगी पडेल.